आठच्या आतली न्याहारी

सकाळी सात चाळीसला बाबांनी गटावर न्याहारीचा फोटो टाकला. दोन टोस्ट आणि एक अंडं, पिवळा बलक मधोमध बसलेलं. दादाचा अंगठा लगेच आला. वहिनीने 'वा बाबा, मस्त!' लिहिलं. धाकटीने काहीच लिहिलं नाही, कारण तिच्या हातात सुई होती.

ती एका प्रयोगशाळेत रक्त काढायची. सकाळच्या पाळीत येणारी सगळी माणसं उपाशी असायची आणि उपाशी माणसं आधी रुसतात, मग भांडतात, हे तिला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं.

"काही खाल्लं नाही ना?" तिने खुर्चीतल्या शिंप्याला विचारलं.

"छे! चहा घेतला फक्त."

"साखरेचा?"

"आता बिनसाखरेचा चहा काय औषध म्हणून प्यायचा?"

"मग उद्या या."

"अहो ताई, चहा धरता होय? आमच्या घरात चहा खाण्यात मोजतच नाहीत."

"आमच्या यंत्रात मोजतात."

शिंपी बाही खाली करत उठला. "हसत जा हो जरा. रक्त आमचं जातंय, तोंड तुमचं उतरलंय."

ती हसली नाही. आई गेल्यापासून तिचा चेहरा असाच होता. तेव्हा ती रडलीही नव्हती. आलेल्या बायका कुजबुजल्या, दगड आहे पोरगी. ती ते ऐकून पाहुण्यांसाठी पाणी आणायला आत गेली होती. दुःख कुठेतरी असणार, एवढं तिला कळत होतं. पण बधिर केलेल्या दाढेवर जीभ फिरवावी, तसं ते लागत नव्हतं.

न्याहारीचा गट दादाने काढला होता. आईच्या मागे बाबा महिनाभर त्याच्याकडे राहिले. सोफ्याच्या कडेला पाहुण्यासारखे बसायचे, पाणी हवं असलं तरी विचारायचे. एका सकाळी पिशवी भरून म्हणाले, मी माझ्या घरी जातो. दादाने अट घातली, "रोज आठच्या आत काय शिजवलं, काय खाल्लं, त्याचा फोटो. आम्हीही टाकू. ज्या दिवशी तुमचा आला नाही, त्या दिवशी मी गाडी घेऊन आलोच समजा. घराला कुलूप, सामान गाडीत, विषय संपला." बाबांनी मान डोलावली. तेव्हापासून तिन्ही घरांच्या ताटल्या गटावर येत होत्या आणि कोणीही कोणाच्या ताटलीकडे नीट बघत नव्हतं.

शिंपी गेल्यावर पुढचं माणूस येईपर्यंत तिने फोन उघडला. तिच्या पोटातही अजून काही नव्हतं. अंडं छान दिसत होतं, म्हणून तिने फोटो मोठा केला.

फोटो उभा होता. गटात त्याचा मधलाच भाग दिसत होता. मोठा केल्यावर वर आणखी टेबल दिसलं, मिठाची बाटली दिसली आणि ती बाटली धरलेला हात दिसला. मनगटावर घड्याळ होतं, तबकडी आतल्या बाजूला वळवलेली. असं घड्याळ त्यांच्या घरात फक्त आई घालायची.

"बसू का?" दारातल्या बाईने विचारलं.

"बसा. काही खाल्लं नाही ना?"

तिने पट्टा बांधला, शीर शोधली, सुई घातली. दुपारी पाळी संपल्यावर ती घरी न जाता बाबांकडे गेली.

बाबांनी दार उघडलं. "आज कशी काय उगवलीस?"

"सहज. भूक लागलीय. एक अंडं करून द्या ना."

"अंडी संपली."

"सकाळी होती की."

"तेच शेवटचं होतं."

ती सरळ स्वयंपाकघरात गेली. ओटा लख्ख होता, रोज स्वयंपाक होणारा ओटा कधीच नसतो इतका. शेगडीवर भांडं नव्हतं. तिची नळी काढून, गुंडाळून, सुतळीने बांधून ठेवलेली होती आणि सिलिंडरच्या तोंडावर टोपण होतं. टोपलीत पाव आणि केळी होती.

"गॅस कधीपासून बंद आहे?"

बाबा खुर्चीत बसले. "मध्ये ताप आला होता बघ. ताप गेला, पण नाक गेलं. कसलाच वास येत नाही. आधी वाटलं, सर्दी आहे. मग एकदा दूध ठेवलं आणि बाहेर येऊन बसलो. शेजारची धावत आली, काका, काय जळतंय? मी म्हटलं, कुठे? घरभर धूर, चिमे, आणि मी आपला पेपर वाचतोय."

"सांगितलं का नाहीत?"

"सांगून? तुझा दादा त्याच संध्याकाळी गाडी घेऊन आला असता."

बाबा आयुष्यभर कारखान्याच्या बॉयलरवर होते. तिथे एक नियम होता, तो तिने लहानपणी जेवताना अनेकदा ऐकलेला. ज्याचं नाक चोंदलंय, त्याने जाळाजवळ उभं राहायचं नाही. गळती आधी नाकाला कळते, दाबमापकाच्या काट्याला नंतर. सर्दी झालेल्या माणसाला बाबा फाटकातूनच परत पाठवायचे. माणूस शिव्या घालायचा, मुकादम ओरडायचा, बाबा ऐकायचे नाहीत.

"तेव्हा दुसऱ्यांना परत पाठवत होतो," बाबा म्हणाले. "आता स्वतःला पाठवलं. नळी मीच काढली."

"आणि फोटो?"

"जुने. नवा फोन घेतला तेव्हा दिसेल त्याचा फोटो काढत होतो. तुझी आई चिडायची, म्हणायची, आधी गिळा, मग टिपा. भरपूर आहेत."

तिने फोन काढून फोटो त्यांच्यापुढे धरला. बाबांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.

"अरे हो," ते म्हणाले. "हात आलाय."

"काढून टाका. दादाने अजून मोठा करून पाहिलेला नाही. पाहिला असता तर एव्हाना फोन आला असता."

बाबांनी फोन परत दिला. गटावरचा फोटो मात्र तसाच ठेवला.

"विजेची शेगडी आणू का?"

"जळायचं ते तिच्यावरही जळतंच. मला कळणार आहे का?"

मग ती भराभर बोलली, तिच्या मानाने खूपच बोलली. "ऐका. कामावर जाताना मी रोज डबा देऊन जाईन. तुम्ही ताटलीत काढायचं, फोटो घ्यायचा, टाकायचा. दादाला काही कळायची गरज नाही. मी गप्प राहते."

"तू गप्पच असतेस," बाबा म्हणाले. "खोटं मी बोलतोय ते पुरे आहे. तुला कशाला त्यात ओढू?"

"मग घर सोडायचंय का तुम्हाला?"

"नाही."

एवढंच. त्यांनी टोपलीतून केळं काढून तिच्या हातात दिलं. "भूक लागलीय म्हणालीस ना? खा."

तिने उभ्यानेच खाल्लं. जाताना दाराशी बाबा म्हणाले, "तुझ्या आईचा तो लाल मसाला आहे ना, त्याची बरणी मी रोज हुंगतो. कधीतरी येईल परत वास. डॉक्टरला विचारलं, तो म्हणाला, सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दादाने ओट्सचा फोटो टाकला. वहिनीने त्याच वाटीचा दुसऱ्या बाजूने टाकला. प्रयोगशाळेत शिंपी पुन्हा आला होता, या वेळी खरोखर उपाशी, आणि खुर्चीत बसल्या बसल्या चहाच्या आठवणी काढत होता. त्याचं रक्त नळीत चढत असताना टेबलावरचा फोन थरथरला. तिने आधी सुई काढली, त्याला कापूस दाबून धरायला सांगितलं आणि मग पाहिलं.

बाबांचा फोटो होता. ताटलीत पावाचे दोन तुकडे, न भाजलेले, एक केळं, पेल्यात पाणी. मागे शेगडी आणि सुतळीने बांधलेली नळी स्वच्छ दिसत होती. या वेळी काहीच लपवलेलं नव्हतं. खाली एक शब्द होता, 'आजचं'.

"ताई, कापूस किती वेळ धरू?" शिंप्याने विचारलं.

"धरून ठेवा."

दादाने फोटो पाहिला होता. त्याच्या नावाखाली 'लिहीत आहे' असं आलं, गेलं, पुन्हा आलं. पाळीची अर्धी माणसं होऊन गेली, तरी उत्तर आलेलं नव्हतं.