शेवटची फेरी रिकामी

देवाने माणसाला दोन डोळे दिले, पण आत्याला ते कधी पुरले नाहीत. ताटाशेजारी पुस्तक, कपडे वाळत घालताना खिडकीच्या कठड्यावर पुस्तक, शेगडीवर दूध ठेवलं की हातात पुस्तक. तिच्या घरी दूध तापायचं नाही, थेट उतूच जायचं. ती राहायची एकटी. म्हणून तिने ऑनलाइन वाचन मंडळ काढलं आणि त्यात भाची, भाचजावई, भाचीचा दीर आणि जाऊ अशा चौघांना कानाला धरून बसवलं. महिन्यातून एकदा फोनवर ही मंडळी जमली की आत्याचं घर भरल्यासारखं व्हायचं.

मंडळाचं वेळापत्रक भाचीकडे होतं. ती बसच्या डेपोत ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्यूट्या लावायची, आणि घरीदारी सगळ्यांना उठवत, हाकलत, वेळेवर पोचवत असल्याने तिला गजरताई असं नाव पडलं होतं. कुणी कुठली पानं कधी वाचायची, चर्चा कधी, कोणी आधी बोलायचं, सगळं ती आखून द्यायची. फक्त पुस्तक वाचायची नाही.

"वेळापत्रक लावणारा कधी गाडी चालवतो का?" असं तिचं म्हणणं.

आता मूळ पदावर येऊ. त्या महिन्यात आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाचायला सक्त मनाई केली, आणि आत्या नेमकी कादंबरीच्या मध्यावर होती.

"पोरी, मी अधांतरी लटकलेय," तिने गजरताईला फोन केला. "त्या दुकानवाल्या बाईला परमुलखातल्या नवऱ्याने कुलूपबंद पेटी पाठवलीय. किल्ली नाही, निरोप नाही. बाई संतापून पेटीसकट निघालीय, त्याच्या तोंडावर फेकायला. पेटीत काय आहे ते कळेपर्यंत माझा हा डोळा बरा व्हायचा नाही, आणि दुसरा त्याच्या काळजीने बिघडेल."

"रविवारी दुपारी चर्चा ठेवते, आत्या. तुला शेवटपर्यंत गोष्ट ऐकवतो. शब्द दिला."

शब्द देऊन झाल्यावर कळलं की चौघांपैकी कुणी आपल्या प्रतीला हातही लावलेला नाही. तिच्या नवऱ्याची बेकरी, दिराचा दातांचा दवाखाना, जाऊ पोहायला शिकवणारी. वेळ कुणाकडेच नव्हता. गजरताई डगमगली नाही. लांब पल्ल्याची गाडी एकच ड्रायव्हर थोडाच नेतो? अमुक थांब्यापर्यंत हा, पुढे तो. तिने आत्या थांबली होती तिथून पुढच्या पानांचे टप्पे पाडले आणि ज्याला त्याला आपापली ड्यूटी कळवली. मागचं वाचायचं नाही, पुढचं वाचायचं नाही. पुढचं तसंही कुणी वाचलं नसतं, कारण शेवट आधी उघडून बघणाऱ्याला आत्या मंडळातून काढायची.

रविवारी दुपारी सगळे फोनवर आले. आत्याला पडदा बघायचा नव्हता, म्हणून तिने फोन उशीवर ठेवला आणि कान त्याला लावून पडली.

नवरा बेकरीच्या मागच्या खोलीतून, पिठाच्या पोत्यावर बसून बोलू लागला. "आत्या, बाई पेटी घेऊन नदीपर्यंत पोचली. नावाडी म्हणाला, पेटी जड आहे, सोनं दिसतंय. कप्तानाने नावेत सगळ्यांचं खाणं संपवलं."

"त्याची ती खोडच आहे," आत्या म्हणाली. "पुढे?"

पुढची ड्यूटी दिराची. तो दवाखान्यात रुग्णाच्या खुर्चीत आडवा झाला होता. "पुढे घाट लागतो. आत्या, मला विचाराल तर या पुस्तकातला खरा माणूस म्हणजे कप्तान. एक शब्द बोलत नाही, पण बाईची साथ सोडत नाही. दाढीवाला दिसतोय. दात मात्र मजबूत असणार, एका ठिकाणी तो दोर चावून तोडतो. मला वाटतं, पूर्वी सैन्यात असावा."

उशीवरून हुंदक्यासारखा आवाज आला.

"आत्या, डोळा दुखतोय का?" गजरताईने विचारलं.

"नाही गं. चालू द्या निरूपण."

जाऊ तरणतलावाच्या काठावर बसली होती; मागून पोरांचा कालवा ऐकू येत होता. तिने घसा साफ केला. "अहो, तुम्हाला ते कळलंच नाही," ती आपल्या नवऱ्याला म्हणाली. "त्याचं तिच्यावर प्रेम आहे. माझ्या पानांत ती धर्मशाळेत झोपते आणि कप्तान रात्रभर खिडकीबाहेर थंडीत उभा राहतो. सकाळी ती त्याच्या कपाळाला कपाळ लावते. मला तर रडू आलं. लग्न झालेल्या बाईने असं करावं का, हा प्रश्न आहेच, पण नवरा पेट्या पाठवत बसला तर ती तरी काय करणार?"

"सैन्यातलाच," दीर म्हणाला. "पहारा देतोय."

आता आत्याला राहवेना. "अरे शहाण्यांनो, तो बोकड आहे."

तलावात कुणीतरी धपकन उडी मारली.

"बोकड?" जाऊ म्हणाली.

"दुसऱ्या प्रकरणातच ती त्याला विकत घेते. दाढी असणारच. देवाने दिलीय." आणि आत्या इतकी हसली की उशीवरचा फोन खाली घरंगळला. तो चाचपडून सापडेपर्यंत गजरताईचा नवरा म्हणाला, "नावेत त्याने माझ्या देखत कुणाचं तरी धोतर खाल्लं होतं. मला वाटलं, भूक लागली असेल."

"बरं, हसून झालं," आत्या धापा टाकत म्हणाली. "आता सांगा. बाई बंदरावर पोचली. पेटीत काय निघालं?"

जो तो आपली पानं चाळू लागला.

"माझी ड्यूटी घाटात संपली," दीर म्हणाला.

"माझी बंदराच्या फाटकाशी. आत काय झालं ते पुढच्याने सांगायचं," जाऊ म्हणाली. "ताई, पुढे कोण आहे?"

गजरताईने समोरचा तक्ता पाहिला. डेपोत रोजची शेवटची फेरी रिकामी असते. प्रवासी उतरलेले, गाडी नुसती मुक्कामाला न्यायची. तिला कंडक्टर लागत नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीने तिचा हात चालला होता. शेवटच्या प्रकरणापुढे नावाच्या जागी तिने लिहिलं होतं: रिकामी.

"आत्या," ती म्हणाली, "शेवट कुणीच वाचला नाही. शेवटच्या फेरीसारखं त्यापुढेही मी 'रिकामी' लिहिलं, कुणाला दिलाच नाही."

"मला वाटलंच," नवरा पुटपुटला. तिने त्याला फोनमधूनच असं पाहिलं की तो पिठाच्या पोत्यामागे सरकला.

शब्द गजरताईने दिला होता. नवऱ्याने नाही, दिराने नाही. तिने आपली कोरी प्रत काढली आणि शेवटचं प्रकरण उघडलं. वाटेत कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, काही ठाऊक नव्हतं. ती मोठ्याने वाचू लागली.

सुरुवातीला ती थांब्यांची नावं पुकारावी तशी वाचत होती. मग बाई बंदरावरच्या गर्दीत नवऱ्याला शोधू लागली, आणि गजरताईचा आवाज हळूहळू मऊ होत गेला. दीर खुर्चीत उठून बसला. जाऊने पोरांना गप्प केलं. बाईने भर धक्क्यावर नवऱ्यापुढे पेटी आदळली. त्याने खिशातून किल्ली काढून कुलूप उघडलं.

"पेटी रिकामी होती," गजरताईने वाचलं, आणि अडखळली.

"पुढे वाच," आत्या हळूच म्हणाली.

"'तुझं सामान भरून ये, म्हणून पाठवली होती,' तो म्हणाला. 'तू रिकामीच घेऊन आलीस.' ती म्हणाली, 'मी आले ना? मग झालं तर.' आणि कप्तान पेटीत शिरून बसला."

बेकरीत काहीतरी करपल्याचा वास आला असावा, कारण नवरा उठून पळाला.

"पाहिलंस?" आत्या म्हणाली. "रिकामी म्हणून सोडलीस, आणि सगळी माणसं त्याच फेरीत भेटली."

"चुकलं, आत्या."

"चुकलं कसलं? कप्तानाला कुणीतरी माणूस समजलं, एवढं पुण्य आपल्या मंडळाच्या खात्यावर जमा झालं. आता पहिल्या पानापासून वाच. यांना बोकड कधी आला ते कळायला हवं, आणि तुला तर काहीच माहीत नाही."

गजरताईने सवयीने पेन्सिल उचलून तक्त्यावर रेघ ओढली. "थांब, कोणी कुठपर्यंत ते आधी लावून घेते."

"पेन्सिल खाली ठेव, बाळा," आत्या म्हणाली. "तिची खरखर ऐकू येतेय मला."