बाप्पाच्या हातातला कॅमेरा

मित्रांनो, जोहे गावातल्या एका गणपती कारखान्यात डोकावलात, तर बाप्पाच्या हातात सोनेरी रंग फासलेला एक जुना कॅमेरा दिसेल. तो मी. हात जोडू नका, मला त्याचा वीट आला आहे.

मी चावीवर चालणारा, रिळाचा कॅमेरा. सुरभी छायालेखन शिकत होती, तेव्हा तिने मला मुंबईच्या जुन्या बाजारातून उचललं. प्रकाश कसा बघायचा, हे ती माझ्याच भिंगातून शिकली. पुढे देशोदेशीचे सिनेमे तिच्याकडे चालत आले. तिने टिपलेले डोळे पडद्यावर जिवंत वाटतात, असं लोक म्हणत. मग ती सांगे, हे आईकडून आलं. तिची आई, पुतळीबाई, घरच्या याच कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायची. तिने बुबुळ रंगवलं की मूर्ती आपल्याकडे बघू लागे. मुलाखतीत आईबद्दल बोलायला सुरभीला नेहमी वेळ असायचा. आईपाशी बसायला मात्र कधी नसायचा.

एकदाच बसली. पुतळीबाई आखणीला बसलेली, दुपारचं ऊन दारातून आत आलेलं. सुरभीने मला चावी दिली. पुतळीबाई लाजली. म्हणाली, "माझ्याकडं काय बगतंस गो, बाप्पाकडं बग." आणि खुदकन हसली. ते हसू माझ्या पोटातल्या रिळावर उतरलं.

रीळ धुवायचं होतं; तोवर त्याला ऊन लागलं, की चित्र गेलंच. मुंबईतली ओळखीची लॅब बंद पडलेली. पुढच्या खेपेला परदेशात घेऊन जाते, सुरभी म्हणाली. पुढची खेप एका शूटिंगमध्ये गेली, त्यापुढची दुसऱ्यात. मग पुतळीबाईच गेली. सुरभी दहाव्याला आली, मला छातीशी धरून ढसाढसा रडली आणि भावाला, रितेशला म्हणाली, कॅमेरा सांभाळ. पोटात काय आहे, ते सांगायचं राहिलं. विमान गाठायचं होतं ना!

रितेशने मला खरंच सांभाळलं. दर दसऱ्याला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. यंदा सुरभीला परदेशात मोठा पुरस्कार मिळाला आणि गावाने सत्कार ठरवला. रितेश हरखून गेला. कॅमेरा हातात घेतलेला बाप्पा करायचं त्याने मनावर घेतलं. खोटा कशाला, ताईचाच बसवू, म्हणाला. आधाराची दांडी माझ्यात बसेना, तेव्हा त्याने अंगणात भर उन्हात माझं पोट उघडलं, रीळ ओढून काढलं आणि उकिरड्यावर टाकलं. मग प्लास्टर, मग सोनेरी रंग. मन लावून केलं हो त्याने सगळं.

सुरभी आली ती मलाच न्यायला. रीळ धुणारी लॅब तिला सापडली होती. मला बघून ती थबकली.

"आतलं रीळ कुठाय रे?"

"ती पट्टी व्हय? दांडी बसत नव्हती ताई, टाकून दिली. काय होतं तिच्यात?"

"आई."

रितेश उकिरड्याकडे धावणार, तोच सुरभीने त्याला अडवलं. बाहेर मंडळी शाल-नारळ घेऊन खोळंबली होती. सुरभीने डोळे पुसले, सत्कार घेतला, माझ्याशेजारी उभं राहून फोटोही काढून घेतले. मला राग येतो. रितेशचा थोडा, तिचा फार.

मित्रांनो, वस्तू जपा, असं मी सांगणार नाही. मला तर जपलंच होतं. पुढच्या खेपेवर काही टाकलं असेल, तर आज उठा आणि करा. निदान घरातल्या कुणाला तरी सांगून ठेवा. बाकी माझं काय, भिंगावर रंग आहे. समोर कोण हसतंय, ते मला आता दिसत नाही.