गुलब्याचा दाखला

मारुंजीत दौलतरावांची चार मजली इमारत आहे. वरच्या मजल्यांवर हिंजवडीला कामाला जाणारी मुलं राहतात. तळमजल्यावर नौशादची व्यायामशाळा आहे आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गुलब्या. गुलब्या शर्यतीचा बैल आहे. त्याच्या शेडला दोन पंखे आहेत, तिसऱ्या मजल्यावरच्या खोल्यांना एकेक.

घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीवर, गाडा जुंपताना गुलब्याला धरायचा मान दौलतरावांचा. पण यंदा सरावाला घाट चढताना त्यांना मध्येच थांबावं लागलं. थोरला मुलगा रणजीत म्हणाला, "आण्णा, औंदा मी धरतो." दुसऱ्या दिवशी सकाळी दौलतराव पांढरे बूट घालून व्यायामशाळेत हजर झाले.

नौशाद आकुर्डीचा. मुलगा नम्र, पण वाकत नाही. त्यानं दौलतरावांना खुर्ची दिली, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला आणि प्रश्न सुरू केले. छातीत दुखतं का? चढताना धाप लागते का? चक्कर येते का? गोळ्या काही चालू?

शेजारी तीन भाडेकरू वजनं उचलत होते. भाडेकरूंसमोर घरमालकाला धाप लागणं बरं दिसत नाही.

"न्हाई," दौलतराव प्रत्येक प्रश्नाला म्हणाले. गोळ्या मात्र साखरेच्या चालू होत्या, ते नौशादला आधीच ठाऊक होतं.

"दादा, वय साठीच्या पुढं, त्यात साखर, आणि रक्तदाबही वर आहे. आधी डॉक्टरांना दाखवा, ईसीजी काढा. मग ट्रेडमिल."

"जागा माझी, आन् मलाच दार बंद?"

"दार उघडं आहे दादा. ट्रेडमिल बंद आहे."

दौलतराव बूट न मळवता घरी आले.

गुरुवारी जनावरांचे डॉक्टर रविराज शेडमध्ये आले. शर्यतीआधी बैल पळायला तंदुरुस्त असल्याचा त्यांचा दाखला लागतो. त्यांनी गुलब्याचे डोळे पाहिले, खूर पाहिले, छातीला नळी लावली. दौलतराव बाजूला घुटमळत होते. माणसांच्या डॉक्टरकडे गेलं की गावभर होतं. हा डॉक्टर घरचा होता.

"डॉक्टर, चढाला लागलं की एखाद्याच्या छातीत आवळल्यासारखं होतं, थांबलं की जातं. ते काय असतंय?"

"एखाद्याच्या म्हणजे कोणाच्या?"

सोजरबाई पलीकडे धुणं वाळत घालत होत्या. बायकोच्या कानाचा दौलतरावांना अनुभव होता. त्यांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला.

"ह्याच्या."

डॉक्टरांनी पुन्हा नळी लावली. बराच वेळ ऐकलं. मग दौलतरावांकडे पाहिलं.

"आणखी काय होतं याला?"

"डावा हात... म्हंजे पुढचा पाय जड पडतो. गार घाम येतो."

"खाल्ल्यावर जास्त होतं?"

"व्हय की! मटणाच्या दिवशी तर लईच."

"गुलब्या मटण खातो?"

"वास घेतो," दौलतराव म्हणाले.

डॉक्टरांनी पेन खिशात ठेवलं. "मग याला पळवता येणार नाही. मी दाखला देत नाही."

"आवो, रविवारी शर्यत हाय!"

"म्हणून तर. याचं हृदय घाटात दगा देईल. तुम्ही सांगताय तशी लक्षणं असली, तर आज दवाखान्यात न्यायला हवं. उद्या नाही."

चौकात शर्यतीचे फ्लेक्स लागले होते. फ्लेक्सवर गुलब्याचा फोटो दौलतरावांच्या फोटोपेक्षा मोठा होता, आणि ते दौलतरावांनीच सांगून करून घेतलं होतं. त्यांनी गुलब्याकडे पाहिलं. गुलब्या रवंथ करत होता. त्याच्यावर काय बालंट आलंय याची त्याला कल्पना नव्हती.

"बैलाला काय बी झालेलं न्हाई," दौलतराव शेवटी म्हणाले.

"मग छाती कोणाची आवळते?"

"माझी."

सोजरबाईंच्या हातातलं लुगडं बादलीत पडलं. "कवापासनं?"

"दिवाळीपासनं."

"आन् मला न्हाई, बैलाच्या डॉक्टरला सांगता?"

"त्यालाबी कुठं सांगत होतो?"

डॉक्टरांनी पेन काढलं, गुलब्याचा दाखला लिहून सोजरबाईंच्या हातात दिला आणि स्वतःच गाडी सुरू केली. हिंजवडीच्या गर्दीत ती मुंगीच्या चालीनं निघाली. मागच्या सीटवर सोजरबाईंनी वाटभर नवऱ्याचं मनगट सोडलं नाही, आणि त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. दौलतरावांना त्याचीच जास्त भीती वाटली.

हृदयाची एक नळी बरीच बंद झाली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ती त्याच रात्री उघडली. रविवारी गुलब्याला रणजीतनं धरलं. दौलतरावांनी शर्यत खाटेवरून मोबाइलवर पाहिली आणि नर्सबाईंनी दोनदा दटावेपर्यंत ते ओरडत राहिले.

आता डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ते रोज ट्रेडमिलवर सावकाश चालतात, आणि चालून झालं की दाराशी खुर्ची टाकून बसतात. नवा कोणी आला, की नौशादच्या आधी तेच विचारतात. छातीत आवळतं का? धाप लागते का? पोरगं घाईनं नाही म्हणालं, की दौलतराव त्याला जवळ बसवतात.

"खरं सांग भावा. मटणाच्या दिवशी कसं वाटतं?"