चोरून आणलेला गुलाब

आमच्या लेकीने गुलाब चोरला होता. साधासुधा नाही, विद्यापीठाचा. ग्रंथालयाच्या भिंतीला टेकलेलं शंभर वर्षांचं ते झुडूप, भोवती लोखंडी कुंपण, कुंपणावर पाटी, आणि हात लावाल तर खबरदार! आमच्या बाईसाहेब तिथे उद्यानविद्या शिकत होत्या. एक काडी मोडली, मैत्रिणीच्या मदतीने रानगुलाबाच्या खुंटावर कलम बांधलं आणि कुंडी गॅलरीत आणून ठेवली. विभागप्रमुखांनी मला बोलावून अशी खरडपट्टी काढली की काही विचारू नका. मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणारा माणूस, मान खाली घालून ऐकून घेतलं.

सहा वर्षांपूर्वी लेक गेली. ताप काय आला आणि आठवड्याच्या आत होत्याचं नव्हतं झालं. तेव्हापासून आमच्या हिने त्या कुंडीला दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही. मी एकदा कात्री घेऊन गेलो, तर अंगावर धावून आली. "चांगलं वाढतंय, आणि तुम्ही कापायला निघालात?" झालं, कात्री परत खणात.

यंदा विद्यापीठाने ग्रंथालयापाशी पाइप टाकायला खणलं आणि त्या म्हाताऱ्या गुलाबाची मुळंच तोडली; कोणाच्या लक्षात येईपर्यंत तो वाळून गेला. इतकी वर्षं कोणाला काडी तोडू दिली नव्हती, त्यामुळे दुसरं रोप कुठेच नाही. लेकीची ती मैत्रीण आता तिथेच शिकवते. तिचा फोन आला. "काका, तुमच्याकडची कुंडी आहे ना अजून?" मला हसूच आलं. चोरीचा माल, आणि खुद्द मालक दारात हात पसरून उभा!

हिने एकच अट घातली, पाटीवर लेकीचं नाव हवं. मैत्रिणीने वरिष्ठांना विचारलं, ते हो म्हणाले. त्या दिवसापासून घरात जीव आला बघा. ही कामं करता करता गुणगुणायला लागली. नावाच्या मध्ये माझं नाव घालायचं की नाही, यावरून आमचं कडाक्याचं भांडणही झालं. किती वर्षांनी भांडलो आम्ही!

मैत्रीण आली ती सरळ गॅलरीत गेली. कुंडीपाशी बसून बोटाने माती बाजूला केली, पानं उलटसुलट करून पाहिली.

"काकू, याला शेवटचं फूल कधी आलं होतं?"

"झाली असतील तीन वर्षं. का गं? जमिनीत लावलं की येईल ना?"

"काकू... हा तो गुलाब नाही. हा खालचा रानटी खुंट आहे. त्याला मातीतून फुटवे येतात, ते येतील तसे काढून टाकायचे असतात. नाही काढले तर सगळं तेच खातात, आणि वरचं कलम वाळून जातं."

तिने पानांच्या गर्दीत एक काळी, सुकलेली काडी दाखवली. "हे आपलं होतं."

लोकांना स्वच्छ दिसावं म्हणून जन्मभर भिंगं घासली मी, आणि घरच्या झाडाची पानं बदललेली मला दिसली नाहीत.

"एकही फुटवा काढला नाही मी," ही म्हणाली. "कसा काढणार? तिच्या झाडाचा होता."

मैत्रीण रडायला लागली. "काकू, मी वरिष्ठांशी बोलते. पाटीवर नाव तरीही..."

"नको. तिच्या नावाची खोटी पाटी नको." मग हिने विचारलं, "तिला माहीत होतं का गं, फुटवे काढायचे असतात ते?"

"हो काकू. ती स्वतःच काढायची."

लेक गेली तेव्हा ही डॉक्टरांवर चिडली, माझ्यावर चिडली, देवावर चिडली. लेकीवर कधी नाही. आज गॅलरीचा कठडा धरून ही ओरडली, "अगं, मग मला सांगून जायचं होतंस ना! एवढं तरी सांगून जायचं होतंस!"

खाली रस्त्यावरची माणसं थांबून वर बघायला लागली. मैत्रीण हिला आत न्यायला उठली. मी नको म्हणालो. ओरडू दिलं.