घरात काय म्हणतात तुला?

मित्रांनो, वाळवी माझ्या सव्विसाव्या पानापर्यंत येऊन पोचली आहे. एकतिसाव्या पानावर एका मुलीचं नाव आहे. म्हणून जरा घाईनंच सांगते.

मी एक जुनी नोंदवही आहे, उमरग्याकडच्या एका सरकारी दवाखान्यातली. सोलापुरात माझी बांधणी झाली, पाठीला लाल कापड लागलं आणि सत्तावन्न साली एसटीच्या टपावर बसून मी इथं आले. माझ्या आधीच्या वह्या निजामाच्या काळापासून चालत आलेल्या, उर्दूत. मराठीत लिहिलेली इथली पहिली वही मीच, आणि त्याचा मला ताठाही होता. कंपाउंडर वसंतराव माझ्यात जखमींच्या नोंदी करत. अक्षर मोत्यासारखं, कुठं खाडाखोड नाही. तपासणीचे साहेब मला उघडून "वा!" म्हणत, की मी फुगून बसे.

एकतिसाव्या पानावर धोंडी आली. वय आठ, आईबाप वारलेले. चुलती सखूबाईनं आणली होती. हात भाजला होता. "चुलीपाशी पडली," चुलती म्हणाली आणि वसंतरावांनी तसं लिहिलं. महिन्याभरानं, छत्तिसाव्या पानावर, पुन्हा धोंडी. डोक्याला खोक. म्हणे आडावर पाय घसरला. पण पाठीवर वळ होते, ते काही आडानं दिलेले नव्हते. मुलगी मान वर करत नव्हती. वसंतरावांनी मागचं पान काढून पाहिलं आणि त्याच दिवशी पोलीस चौकीला चिठ्ठी लिहिली. मला हायसं वाटलं.

चौकीतला हवालदार महांतप्पा माणूस वाईट नव्हता. घरी विचारलं तर चुलती सावध होईल, म्हणून तो आधी शाळेत गेला. "बाई, धोंडी नावाची पोर हाय का तुमच्याकडं?" वनमालाबाईंनी हजेरीपट वरपासून खालपर्यंत पाहिला. तसं नाव नव्हतं. त्यानं नाव विचारलं, बाईंनी नाव पाहिलं. कुणाच्या डोक्याला पट्टी आहे, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही. 'अशी मुलगी आढळली नाही' असा शेरा मारून चिठ्ठी परत आली. चुलतीनं गाव खोटं सांगितलं असणार, असं म्हणून वसंतरावांनी ती चिठ्ठी छत्तिसाव्या पानाला डकवली.

मित्रांनो, माझ्या अंगावर तो शेरा होता आणि त्याच्याच खाली ती मुलगी होती. मी ओरडणार कशी? दवाखान्याचं दार वाजलं, की माझा जीव टांगणीला लागे.

शाळेतलं ते आणि हे पुढचंही मला मागाहून कळलं. वनमालाबाईंनीही चौकीला पत्र लिहिलं होतं, की शामला नावाच्या मुलीच्या अंगावर वळ दिसतात. महांतप्पानं गल्लीत चौकशी केली. "शामला? न्हाय बा, आमच्यात कोन शामला न्हाय," गल्ली म्हणाली. ते पत्रही चौकीच्या पेटीत पडलं.

तीन महिने गेले. मग एका दुपारी वनमालाबाई शाळेतून एका मुलीला उचलूनच घेऊन आल्या. मनगटाच्या वर हात मोडलेला, तोही दोन दिवसांपूर्वीच. बाईंनी सांगितलं, "शामला. वय आठ."

वसंतरावांनी मला उघडलं, मुलीकडे पाहिलं आणि टाक हवेतच राहिला. "बाई, ही तर धोंडी!"

"घरात धोंडी म्हनत्यात," मुलगी हळूच म्हणाली. "शामला नाव बाईंनी ठिवलं."

आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं हिला दगडधोंड्याचं नाव दिलं, कुणाची दृष्ट लागू नये म्हणून. शाळेत घालताना बाईंनी पटावर चांगलं नाव चढवलं. आमच्याकडे हे घरोघरी चालतं. वसंतराव, बाई, हवालदार, तिघांनाही ठाऊक होतं, आणि तिघांपैकी एकालाही आठवलं नाही. वनमालाबाई खाली बसून रडल्या.

मग मी, हजेरीपट आणि चौकीतलं पत्र एकाच टेबलावर आलो. आमची पानं एकमेकांशी बोलली. चुलत्या-चुलतीला जाब द्यावा लागला, मुलगी जळकोटला धुरपतामावशीकडे गेली. हात मात्र वाकडा जुळला. चिठ्ठी लिहिली त्याच दिवशी हे झालं असतं, तर तो मोडलाच नसता. माझ्यात एक अक्षर खोटं नव्हतं, तरी हे झालं. माझा ताठा त्या दिवशी गेला.

वसंतरावांनी तो शेरा खरवडला नाही. खाली लिहिलं, 'आढळली. आमच्या समोरच होती.' मग पट्टी घेऊन माझ्या उरलेल्या प्रत्येक पानावर त्यांनी एक रकाना आखला: हाक मारण्याचं नाव. त्यानंतर आलेल्या प्रत्येक लेकराला ते आधी विचारत, "घरात काय म्हणतात तुला? आणि शाळेत?"

वसंतराव निवृत्त झाले, मी भरले आणि कपाटात गेले. मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी दवाखान्यात, शाळेत, चौकीत लिहायला बसेल. अक्षर कसंही असो. लेकराला दोन्ही नावं विचारा, आणि शेजारच्या कचेरीतली वही उघडून पाहा. मला वाळवीपासून वाचवलंत तर बरंच, पण हे आधी करा.

कारण माझ्या जागी छापील वही आली आहे. कागद गुळगुळीत, रकाने सुबक, पण तो रकाना तिच्यात नाही. काल एक बाई हात भाजलेल्या पोरीला घेऊन आली. कपाटाच्या फटीतून मला ऐकू आलं. लिहिणाऱ्यानं विचारलं, "नाव?"

बाईनं एकच नाव सांगितलं. त्यानं तेवढंच लिहिलं.