गायधनी, वडिलांचं नाव जुईली

तारीख: ११ मे २००५

नाव:

परीक्षेच्या यादीत जुईली नव्हती. गायधनी होता.

नाव गायधनी, वडिलांचं नाव जुईली, आजोबांचं नाव दिनकर. असा मुलगा अख्ख्या कुवेतमध्ये नाही. पण वर्षभर, आठवड्यातून तीन दुपारी, तो खैतानच्या या इन्स्टिट्यूटमध्ये हजर होता. बारावीचा वर्ग सुटला की बसमध्येच डबा संपवून जुईली इथे यायची, एसी-फ्रीजचं काम शिकायला. इजिप्तचे अशरफ सर हजेरीला "गायधनी" म्हणायचे, ती "येस सर" म्हणायची. शाळेतही आडनावानेच हाक मारत. तिला वावगं काही वाटलं नाही.

काउंटरवरच्या हैदराबादी फखरुन्निसा मॅडमनी तिचं सिव्हिल आयडीचं कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"इस हिसाब से तो तुम गायधनी के अब्बा हो," त्या म्हणाल्या. "अब्बा लोगां बाहर बैठते."

रांगेत कोणीतरी हसलं.

वडिलांचं नाव:

फॉर्म बाबांनी भरला होता. दिनकर गायधनी, शुऐबाच्या प्लांटवर पाइपिंग इंजिनीअर. ठसठशीत कॅपिटल अक्षरं, एक खाडाखोड नाही. आडनाव, मुलीचं नाव, वडिलांचं नाव. नाशिकला बोर्डाच्या फॉर्मवर लिहीत तसं. रकान्यांवर काय छापलंय ते त्यांनी वाचलं नाही. तीन रकाने म्हणजे काय, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं.

कोर्सला त्यांनी होकार दिला तो एका अटीवर. वर्षाचे बारा क्रेडिट पुढच्या डिप्लोमात धरले जाणार होते. ते मिळाले तर इथेच डिप्लोमा. नाही मिळाले तर जूनमध्ये नाशिक, उल्काआत्याकडे राहून इंजिनीअरिंग. तिकीटही काढून ठेवलं होतं.

वेळ:

ऑफिस दोनला बंद.

मॅडमनी तिला परीक्षेला बसू दिलं. पण गायधनी आणि जुईली एकच, असं पालकांनी इथे येऊन दोनच्या आत लिहून द्यायला हवं. नाहीतर बारा क्रेडिट गायधनीच्या नावावर जाणार, और वो तो हैच नै.

जुईलीने काउंटरवरून फोन लावला. बाबा म्हणाले, प्लांटवर शटडाउन आहे. मग फोन कटला.

बारा पन्नास. परीक्षा सुरू. तांब्याच्या दोन नळ्या, एक सांधा. ज्योत निळी.

एक दहा. नळी लाल. जोडाचा रॉड वितळला, सांध्याभोवती पळाला.

एक पंचवीस. नळीत नायट्रोजन भरला. पंधरा मिनिटं गेजचा काटा हलता कामा नये, हलला तर सांधा गळका.

काटा की दार? ती दोन्हीकडे पाहत राहिली.

एक चाळीस. काटा जागच्या जागी. दार बंद.

एक पंचेचाळीस. बाबा. सेफ्टी शूज, कपाळावर हेल्मेटचा वळ.

कारण:

मॅडमनी दिलेल्या छापील कागदावर एक ओळ होती: माझ्या चुकीमुळे फॉर्मवर नावाचा क्रम बदलला. खाली सहीची जागा. बाबांनी ती ओळ दोनदा वाचली आणि पेनाला टोपण लावलं.

"ही चूक नाही. आपल्याकडे असंच लिहितात."

"इथे नाही लिहीत, बाबा."

सही केली नाही तर नाशिक, त्यांना हवं होतं तेच होणार होतं. वेगळं काही करायचीही गरज नव्हती. हे जुईलीला कळत होतं. त्यांनाही कळत असावं, कारण ते तिच्याकडे बघत नव्हते. तिच्या हातातल्या सांध्याकडे बघत होते.

अशरफ सर म्हणाले, काटा हलला नाही, मुलगी पास आहे. बाबा म्हणाले, काट्याला आतलं दिसत नाही, कापून दाखवा.

सरांनी जुईलीकडे पाहिलं. तिने मान डोलावली. करवत चालली. एक बावन्न.

आत रॉड सगळीकडे उतरला होता, एका बाजूला नखाएवढी जागा सोडून. सर म्हणाले, इतकं चालतं. बाबांनी तो तुकडा उजेडाला धरला.

"इथे का राहिलं?"

गॅसचा टॉर्च खराब होता, असं सांगता आलं असतं. सांगणारी मुलं होती.

"मागच्या बाजूला ज्योत फिरवलीच नाही मी. हात अवघडला. समोरून छान दिसलं, म्हणून सोडून दिलं."

बाबांनी अंगठ्याने ती जागा चाचपली. काउंटरमागून मॅडमनी विचारलं, साब, बंद करूं क्या?

सही:

बाबांनी टोपण काढलं. छापील ओळीखाली, कोणी सांगितलं नसताना, पुन्हा स्वतःच्या अक्षरात लिहिलं: चूक माझी आहे. मग सही. एक अठ्ठावन्नला शिक्का बसला.

मॅडम कुलूप शोधत होत्या. अशरफ सर कार्यशाळेचे दिवे घालवायला निघाले. बाबांनी हात करून त्यांना थांबवलं, भंगाराच्या डब्यातून नळीचे दोन तुकडे उचलले आणि जुईलीपुढे ठेवले.

"पुन्हा कर," ते म्हणाले. "मागून सुरू कर."