बेचाळीस सेकंदांतला जोड

हेडफोन येणार, येणार म्हणता म्हणता अकरा महिने झाले, आणि या अकरा महिन्यांत कानसेन मंडळातल्या लोकांनी ते न ऐकताच त्यांच्यावरून दोनदा मारामारी केली.

पहिली खर्जावरून झाली. एका पक्षाचं म्हणणं, यांचा खर्ज जमिनीखालून येणार. दुसऱ्या पक्षाचं, जमिनीखालून येणारा खर्ज अडाण्यांना आवडतो, हा पाठीमागून येणार. त्या वादात मंडळातल्या चष्मेवाल्या दुकानदाराचा स्वतःचाच चष्मा फुटला. दुसरी मारामारी पहिलीत कोण जिंकलं यावरून झाली. कारखान्याने जाहीर केलं होतं की आतला पडदा साबणाच्या फुग्यापेक्षा पातळ आहे. ते वाचल्यापासून मंडळी कानांना गळू झाल्यासारखं जपू लागली. एका निवृत्त पोस्टमास्तरांनी कान ताजे राहावेत म्हणून तीन महिने कापसाचे बोळे घातले. त्यांची बायको सांगते, संसारातले सगळ्यात सुखाचे तीन महिने तेच. चष्मेवाला कान साफ करून घ्यायला इतक्यांदा गेला की शेवटी कानाचे डॉक्टर म्हणाले, "अहो, आता पलीकडचं दिसायला लागलंय. पुरे करा."

टेपमास्तर या कशालाच हसत नव्हते. त्यांचं त्या हेडफोनशी काम होतं. ते दात आवळून वाट बघत होते.

चाळीस वर्षांपूर्वी टेपमास्तर एका स्टुडिओत टेप कापायचे आणि जोडायचे. सगळे ज्यांना नुसतं बाई म्हणत, त्या गायिकेचं गाणं ध्वनिमुद्रित झालं तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. गाण्याच्या शेवटी एक लांबच लांब सूर होता. पहिल्या वेळी तो निम्म्यावर आला आणि बाईंना खोकला आला. दुसऱ्या वेळी सुरुवात जरा खाली लागली, पण शेवट असा लागला की काचेपलीकडे चहा घेऊन आलेला माणूस कप हातात धरून तसाच उभा राहिला आणि चहा गार झाला. तिसऱ्यांदा गायची बाईंची तयारी नव्हती. बाई पडवीत जाऊन बसल्या आणि इकडे टेपमास्तरांनी दोन्ही टेपांवर पिवळ्या पेन्सिलीने खूण केली, ब्लेडने दोन्ही तिरक्या कापल्या, पहिलीचं पुढचं अंग आणि दुसरीचं मागचं अंग टोकाला टोक भिडवून मागून चिकटपट्टी लावली. ऐन सुराच्या मधोमध. दोन मिनिटं अकरा सेकंदांवर.

बाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "बघा, आला की नाही एका दमात!"

त्यांच्या तोंडावर नाही म्हणायची छाती कुणाला? टेपमास्तर गप्प बसले. ते गप्प बसणं पुढे त्यांना फार महाग पडलं. बाई गेल्या, स्टुडिओचे मालक गेले, स्टुडिओत टायरचं गोदाम आलं आणि मूळ टेपा भंगारात गेल्या. उरल्या त्या फक्त नकला, आणि नकलेत चिकटपट्टी दिसत नाही.

मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. त्या बेचाळीस सेकंदांच्या सुरावर त्यांनी अठरा पानांचा लेख लिहिला होता, 'एक श्वास' नावाचा. दर वर्षी मंडळ एकत्र बसून तो सूर ऐकायचं आणि सगळ्यांनी बाईंबरोबर आपलाही श्वास धरायचा. त्यात चष्मेवाला दर वेळी छत्तिसाव्या सेकंदाला खुर्चीवरून खाली यायचा. अशाच एका बैठकीत, चष्मेवाल्याच्या तोंडावर पाणी मारता मारता, टेपमास्तर म्हणाले होते, "कशाला जीव देताय? बाईंनीही धरला नव्हता. मध्ये जोड आहे. मी केलाय."

त्या दिवसापासून मंडळाने टेपमास्तरांचं नाव थापमास्तर ठेवलं. समोरासमोर नाही; जिना उतरताना, त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"जोड आहे तर ऐकू का येत नाही?" डॉक्टर सगळ्यांदेखत विचारायचे.

"तुमची यंत्रं भिकार आहेत म्हणून!"

"मग नवीन हेडफोन येऊ देत. त्यावर मुंगीचं पाऊल ऐकू येतं म्हणतात. जोड ऐकू आला, तर माझा लेख मी इथेच फाडीन. नाही आला, तर तुम्ही लिहून द्यायचं, मास्तर: जोड नव्हता, मी थाप मारली."

"कबूल!"

घरी बायकोने विचारलं होतं, "अहो, तुम्हाला तरी येतो का ऐकू?"

"मला? अगं, कुणाच्या बापाला ऐकू येणार नाही असा केलाय तो!"

"बरं," ती म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. ती बरं म्हणाली की टेपमास्तरांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

कारखाना एकेक जोडी एकेका मंडळाला चार दिवसांपुरती पाठवत होता. गुरुवारी दुपारी बारा वाजता खोकं आलं. डॉक्टरांनी हातमोजे घालून ते उघडलं. पंधरा माणसं माना पुढे काढून बघत राहिली, आणि चष्मेवाला म्हणाला, "नुसता वासच किती खोल आहे!" टेपमास्तरांनी हात पुढे केला, तर डॉक्टरांनी खोकं छातीशी धरलं.

"थांबा. आधी मुरायला हवेत."

"काय?"

"नवीन पडदा ताठ असतो, मास्तर. शंभर तास त्यातून खरखर सोडायची, मग तो सैल होतो, मुरतो. त्याआधी कानाला लावायचे नाहीत. मंडळाचा नियम आहे."

"सोमवारी बाराला ते परत जायचेत ना?"

"हो."

"गुरुवार बारा ते सोमवार बारा, किती तास झाले?"

डॉक्टरांनी बोटांवर मोजलं. पोस्टमास्तरांनी कागदावर मांडलं. "शहाण्णव."

"मग ऐकणार कधी?"

खोलीत एवढी शांतता पसरली, की एवढी शांतता कुठल्याच हेडफोनमध्ये मिळाली नसती. मग डॉक्टर घसा साफ करून म्हणाले, "चार तास कमी मुरलेले, कच्चे ऐकायचे? त्यापेक्षा न ऐकलेले बरे. निदान पुढच्या मंडळाला तरी जवळपास तयार मिळतील."

आणि मंडळींनी माना डोलावल्या! अकरा महिने वाट बघितलेली, मारामाऱ्या केलेली, बोळे घातलेली माणसं, आणि त्यागाच्या आनंदाने त्यांचे चेहरे उजळले. पोस्टमास्तरांचे तर डोळे भरून आले.

"आणि आपला करार?" टेपमास्तर ओरडले.

"पुढच्या वर्षी बघू की. पुढचं मॉडेल येतंच आहे."

टेपमास्तर घरी आले ते दार आपटून. शुक्रवारी त्यांनी घरातली तीन दारं आपटली, शनिवारी शेजाऱ्यांचं एक. रविवारी भात गिळताना मध्येच म्हणाले, "मुरायला हवेत म्हणे! आणि हे लोक कधी मुरणार? साठी उलटली तरी कच्चेच!" बायको बरं म्हणाली नाही, एवढंच नशीब.

सोमवारी सकाळी दहा वाजता ते दवाखान्यात शिरले. हेडफोन क्ष-किरणांच्या खोलीत ठेवले होते, कारण तिथलं दार जाड. डॉक्टर एका जाडजूड बाईंच्या तोंडात दोन्ही हात घालून दाढ धरून उभे होते. ती दाढ अशी, की सोडली तर पुन्हा सापडणार नाही. बाकावर चष्मेवाला आणि पोस्टमास्तर बसले होते. हेडफोनचा निरोप घ्यायला आले होते बिचारे.

"मास्तर, आत जायचं नाही!" डॉक्टर मान न वळवता म्हणाले.

"अडवा."

"चार दिवस फुकट जातील! मास्तर! अहो, पकड सोडता येत नाही मला!"

"आँ आँ आँ," जाडजूड बाई म्हणाल्या.

"त्यांचंही तेच म्हणणं आहे, डॉक्टर, आधी दाढ काढा," टेपमास्तर म्हणाले आणि त्यांनी आतून कडी लावली.

खरखरीची वायर उपटून त्यांनी खिशातल्या प्लेअरची लावली. हेडफोन डोक्यावर चढवले. आणि त्यांना स्टुडिओ ऐकू आला. बंद करायला विसरलेला पंखा ऐकू आला. बाईंची अंगठी खुर्चीच्या हातावर टेकली, ती ऐकू आली. कुणाच्या तरी खिशात आगपेटी होती, तिच्यातल्या काड्या हलल्या. मग सूर सुरू झाला आणि लांबत गेला. दोन मिनिटं पाच. टेपमास्तरांनी डोळे मिटले. आठ. नऊ. दहा. अकरा.

सूर पुढे गेला.

त्यांनी मागे घेतलं. पुन्हा अकरा, पुन्हा सूर वाहत पुढे निघून गेला. आवाज वाढवला. कमी केला. उजवा कान, मग डावा कान. जागा त्यांना ठाऊक होती. बोटाने दाखवली असती. आणि त्या जागेवर काही म्हणजे काही नव्हतं. आठ वेळा ऐकल्यावर टेपमास्तरांच्या कपाळाची शीर उडायला लागली. आधी ते हेडफोनवर भडकले, मग कारखान्यावर, मग दातांच्या सगळ्या डॉक्टरांवर. शेवटी तो राग येऊन थांबला एका सव्वीस वर्षांच्या पोरावर, ज्याने हातात ब्लेड घेऊन असलं काम करून ठेवलं होतं की म्हातारपणी त्याला स्वतःलाच खोटं पाडावं. नालायक! थोडा तरी हात थरथरायचा होता!

दाढ निघाली असावी, कारण दारावर धडाधड थापा पडू लागल्या. टेपमास्तरांनी कडी काढली. दारात डॉक्टर, त्यांच्या एका हातात पकड आणि पकडीत दाढ. मागे चष्मेवाला, पोस्टमास्तर आणि गालाला हात लावलेल्या बाई.

"सत्यानाश केलात," डॉक्टर म्हणाले. "आता केलाच आहे, तर बोला. आला ऐकू?"

टेपमास्तरांनी हेडफोन प्लेअरसकट खाली ठेवले. चष्मेवाल्याने तेवढी संधी साधली. हेडफोन उचलून त्याने स्वतःच्या कानांवर बसवले. "कुठे म्हणालात, दोन अकरा ना?" तो डोळे मिटून उभा राहिला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

"आहे! डॉक्टर, आहे! अगदी स्पष्ट! चर्र असं!"

"द्या इकडे." डॉक्टरांनी पकड बाईंच्या हातात दिली आणि हेडफोन घातले. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. पुन्हा ऐकलं. "हो," ते पुटपुटले. "आहे खरा. चर्र. आधी कसा नाही जाणवला? आणि नंतर सूर जरा... लंगडतो."

पोस्टमास्तरांनी तर न ऐकताच मान हलवली. "लंगडतो. मला नेहमीच शंका होती."

डॉक्टर जड पावलांनी टेबलाशी गेले, खण उघडून त्यांनी अठरा पानांचा लेख बाहेर काढला. पाठ वाकली होती बिचाऱ्यांची. "मास्तर, जिंकलात तुम्ही. थापमास्तर म्हटल्याबद्दल..."

"ठेवा तो खाली!"

टेपमास्तर असे कडाडले की गालाला हात लावलेल्या बाईंनी दुसऱ्या गालालाही लावला.

"चर्र? माझ्या जोडात चर्र? अरे, बहिऱ्यांनो! चाळीस वर्षं झाली, माझ्या हातचा एक जोड कुणाला सापडला नाही, आणि हा काचा विकणारा मला सांगतो, चर्र! आणि लंगडतो? कोण लंगडतो? सूर लंगडतो? तिथे काही नाहीये! ऐका नीट! काही नाही! कान आहेत की बटवे लोंबताहेत डोक्याला?"

"पण मास्तर," चष्मेवाला हळूच म्हणाला, "आम्ही तुमच्याच बाजूने बोलतोय..."

"नको माझी बाजू! कागद आणा!"

डॉक्टरांनी बावळटासारखा एक कोरा कागद पुढे केला. टेपमास्तरांनी त्यावर लिहिलं, 'जोड नव्हता, मी थाप मारली', खाली सही ठोकली आणि रेघ अशी ओढली की कागद फाटला आणि टेबलावरही ओरखडा उमटला. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. लेख पुन्हा खणात गेला. पोस्टमास्तर म्हणाले, "मला नेहमीच शंका होती," आणि या वेळी कशाची ते कुणी विचारलं नाही. हेडफोन खोक्यात गेले. बाराला पोरगेलासा कुरिअरवाला आला आणि घेऊन गेला.

टेपमास्तर घरी पोचले तेव्हा त्यांचे कान अजून लाल होते.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"लिहून दिलं. थाप मारली म्हणून."

"म्हणजे नाही आला ऐकू?"

"मला नाही आला. त्या दोघांना आला!"

"अहो, मग तर तुम्ही जिंकलात!"

"चर्र म्हणे!" टेपमास्तर चपला भिरकावत ओरडले. "सांग, चर्र! तू एवढी वर्षं बघतेस माझा हात. कधी चर्र केलंय मी?"

बायकोने हातातली भाजी खाली ठेवली आणि त्यांच्याकडे बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "कधीच नाही."

"मग!" टेपमास्तर म्हणाले, आणि हात धुवायला जाताना त्यांनी मोरीचं दार आपटलं.